भिंत चमकली म्हणजे घर स्वच्छ झालं?



दिवाळी जवळ आली की आपल्या भिशीत एकच विषय असतो, रंगकाम. कोणी हॉल काढलेला असतो, कोणी मुलाच्या लग्नासाठी सगळं घर. आणि प्रत्येकीचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "चकचकीतच घेतला गं, धुता येतो." आज सरळच लिहिते, कोणाला राग आला तर येऊ दे. घरभर चकचकीत रंग लावणं ही चूक आहे. पैशाची तर आहेच, आपल्या धर्माच्या दृष्टीनंही आहे. मी ती स्वतः केली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं. सासूबाईंच्या खोलीत कमरेएवढं होतं. पाणी ओसरलं, गाळ काढला, आणि मग सगळ्यांना एकच घाई, दिवाळीच्या आत घर पूर्वीसारखं दिसलं पाहिजे. वीर निर्वाणाच्या दिवशी घर उदास कसं ठेवायचं? दुकानदार म्हणाला, "काकू, हाय शीन घ्या. ओलं फडकं फिरवलं की झालं." हे म्हणाले, घेऊन टाक. मी घेतला. भिंत हाताला कोरडी लागत होती. तिनं आत किती पाणी पिऊन ठेवलंय, हे ना दुकानदारानं विचारलं, ना मी.

पहिला त्रास ओलीचा नव्हताच. सासूबाईंना मोतीबिंदू होता. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की समोरची भिंत त्यांच्या डोळ्यांवर यायची. रोज तासभर स्वाध्याय करणारी बाई. आधी त्यांनी पलंग फिरवून घेतला, मग हळूहळू वाचणंच सोडलं. म्हणाल्या, "अगं, भिंतीतच दिवा लावून ठेवलाय तुम्ही." मी म्हटलं, "सवय होईल, आई." नऊ हजारांचा रंग नुकताच लावलेला, तो चुकला असं कबूल कोण करणार?

२०२० च्या पहिल्या पावसात भिंतीला फोड आले. मग पोपडे सुटले, खार फुटला, आणि पोपड्यांच्या मागे काळी बुरशी. लॉकडाउन होता, रंगारी यायला तयार नाही. दशलक्षण पर्वात, उत्तम क्षमेच्या दिवशी, मी हातात फडकं घेऊन त्या भिंतीसमोर उभी होते. बुरशीत अनंत जीव असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शिळं अन्न त्यासाठीच टाळतो. आणि इथे मी माझ्याच हौसेनं भिंतभर बुरशी वाढवली होती. पुसली तर हिंसा, ठेवली तर सासूबाईंचा खोकला. मी पुसली. भिंत नीट होण्याआधी, २०२१ मध्ये सासूबाई गेल्या. त्या भिंतीबद्दल त्या पुन्हा एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

नंतर मी नीट समजून घेतलं. रंगात मुख्य दोन गोष्टी असतात, पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. चिकट पदार्थ जास्त असला की वर गुळगुळीत पापुद्रा बनतो, तो चमकतो आणि पुसताही येतो. पूड जास्त असली की पृष्ठभाग बारीक खरबरीत राहतो, उजेड पसरतो, तो झाला मॅट. म्हणजे चमक हे प्रमाण आहे, दर्जा नव्हे. चमकणारा पापुद्रा आतली वाफही अडवतो. ओल्या भिंतीला तो लावणं म्हणजे ओला टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं. शिवाय गिलाव्यातला प्रत्येक उंचसखलपणा चमकत्या भिंतीवर उठून दिसतो, मॅटमध्ये झाकला जातो.

आता तुमचा हुकमाचा एक्का, "धुता येतो". खरं सांगा, गेल्या वर्षभरात हॉलची भिंत किती वेळा धुतली? छत कोणी धुतं का? शेगडीमागे फोडणीचं तेल उडतं, बोळात मुलांचे हात लागतात, दारं रोज हाताळली जातात. तिथे पुसता येणारा रंग हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण चार हात भिंतीसाठी चाळीस हात भिंत चकचकीत करायची, हा कुठला हिशेब? आणि मॅटवर एखादा डाग पडला तर उरलेल्या डब्यातला रंग तेवढ्यापुरता लावून भागतं. चकचकीत भिंतीवर तसं ठिगळ लगेच दिसतं, अख्खी भिंत पुन्हा काढावी लागते.

बी.कॉम.ला घसारा शिकले होते, तो इथे कामी आला. सासूबाईंची खोली १० बाय १२, उंची १० फूट. दार-खिडक्या वजा जाता ३८० चौरस फूट. चकचकीत रंग मजुरीसकट २४ रुपये फुटानं ९,१२० रुपयांना पडला आणि आठ महिने टिकला. महिन्याला १,१४० रुपये. २०२२ च्या उन्हाळ्यात भिंत गिलाव्यापर्यंत खरवडली, दोन महिने तशीच उघडी ठेवली, मग साधा मॅट लावला. १४ रुपये फुटानं ५,३२० रुपये. तीन वर्षं धरली तरी महिन्याला १४८ रुपयेही होत नाहीत. खरवडण्याची मजुरी मी पहिल्याच रंगाच्या खात्यात मांडली, कारण ते त्याचंच देणं होतं. कोणी म्हणेल, दुसऱ्या वेळी भिंत कोरडी होती म्हणून टिकला. मान्य. अर्धं श्रेय कोरड्या भिंतीचं. पण चमकीच्या मोहात भिंत कोरडी होण्याची वाटच आपण पाहत नाही, माझं भांडण त्याच्याशी आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या फार थोड्या जणी विचारतात. रंगाचे बरेच ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कांदा-लसूण चालत नाही म्हणून हॉटेलात दहा प्रश्न विचारणाऱ्या आपण, रंगाऱ्याला एक प्रश्न विचारत नाही. त्याला सांगा, नायलॉनचा ब्रश किंवा रोलर आण. पाण्यात मिसळायच्या रंगाला तोच बरा, केसांचा ब्रश पाणी पिऊन मऊ पडतो. पूर्वी डिस्टेंपरच्या पुडीत सरस घालत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. कोणी जुन्या पद्धतीची पुडी काढलीच, तर त्यात काय आहे तेही विचारा.

मग लावायचं काय? छताला मॅट किंवा डिस्टेंपर. हॉल, झोपायची खोली, वाचायची जागा, देवघर, इथे मॅट. घरात म्हातारं माणूस असेल तर मॅटच, यावर चर्चा नको. बोळ आणि मुलांची खोली, सॉफ्ट शीन. शेगडीमागे फरशी नसेल तर तेवढ्या भागाला सॅटिन किंवा इनॅमल. दारं-खिडक्यांना इनॅमल. आणि रंग दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नका. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, आपलं स्वयंपाकघर दिवसाच्या उजेडात चालतं. छोटा डबा आणून भिंतीवर हातभर लावा, सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी ट्यूब लावून बघा.

सगळ्यात आधी मात्र एक करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे. मग कुठलाच डबा आणायचा नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, भिंत वाळू द्यायची. दिवाळी हुकली तर हुकू दे. पोपडे असलेल्या घरातही निर्वाण लाडू चढवता येतो.

यत्नाचार म्हणजे नुसतं पाणी गाळणं नाही. जिथे जीव उपजतील अशी जागाच तयार न करणं, हाही यत्नाचारच. आणि भिंत पाहुण्यांना कशी दिसते याआधी, तिच्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाला ती कशी वाटते हे विचारा. मी विचारलं नव्हतं.

जय जिनेंद्र.