‘हाव’ म्हणून दलाल सुटू नये



म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांतून सुटून आलेल्या तरुणांची बातमी आली की आमच्या कट्ट्यावर एकच शेरा ऐकू येतो : शिकली-सवरलेली पोरं, डॉलरची हाव धरली, भोगलं. कायदा मात्र असं बोलत नाही. फसवून, धाकाने किंवा आमिषाने माणसाला शोषणासाठी नेणं, ठेवून घेणं म्हणजे मानवी व्यापार, असं भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ सांगतं; पीडिताची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरवला आहे. पोरगा आपल्या पायांनी विमानात चढला, एवढ्यावर दलाल सुटत नाही.

व्यवहार कसा चालतो ते पाहा. टेलिग्रामवर किंवा ओळखीच्या कुणाकडून ‘बँकॉकला डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट’ असा निरोप येतो. थायलंडला फिरायला जायला भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसाही लागेनासा झाला. विमानतळावर गाडी हजर असते. ती बँकॉकला न थांबता सीमेवरच्या माए सोतकडे धावते आणि तिथून मोई नदीपलीकडे, म्यानमारमधल्या म्यावड्डीत. पासपोर्ट जातो, फोन जातो. मग खोट्या नावाने परक्या माणसांशी गोड बोलून त्यांना बोगस गुंतवणुकीत ओढायचं. टार्गेट चुकलं की मार, विजेचे झटके. घरी जायचं म्हटलं तर सुटकेची रक्कम मागतात. ती नसेल तर दुसऱ्या छावणीला विकतात. मालाचा भाव करावा तसा माणसाचा भाव होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार असे किमान १ लाख २० हजार लोक म्यानमारमध्ये आणि सुमारे १ लाख कंबोडियात अडकले होते.

आपली राखण मात्र जुन्याच वाटेवर उभी आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा आखाती देशांत जाणाऱ्या मजुरांना डोळ्यांसमोर ठेवून झाला. दहावी पास झाला की पासपोर्टवरची उत्प्रवास तपासणीची अट जाते, कारण शिकलेला माणूस फसत नाही, असं गृहीत धरलेलं. या टोळ्यांना तर इंग्रजी येणारा, कीबोर्डवर बोटं चालणारा पदवीधरच हवा असतो.

निवृत्तीचे पैसे अशाच सायबर टोळ्यांच्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये गमावलेल्यांना हे वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. छावणीत राजीखुशीने राहून कमिशन खाणारे, गावातली आणखी पोरं ओढून नेणारेही आहेत. त्यांची चौकशी व्हायलाच हवी. पण मारून कामाला लावलेल्यालाही त्यांच्याच रांगेत उभं करायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून ५४९ भारतीय परत आणले. हे मोठंच काम झालं. पुढे काय? घरी कर्जाचे हप्ते थकलेले, गावात टोमणे, आणि ज्याने पाठवलं तो दलाल त्याच तालुक्यात नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात. त्याच्यावर गुन्हा दाखल झालाच, तर तो नुसत्या फसवणुकीचा नको. मानवी व्यापाराच्या कलमाखाली किमान ७ वर्षांची सक्तमजुरी आहे. एकाहून अधिक माणसं पाठवली असतील तर किमान १०, कमाल जन्मठेप. शिवाय नोंदणीशिवाय परदेशी नोकरभरती करणं हा उत्प्रवास कायद्याखाली वेगळा गुन्हा आहेच.

मुलगा अजून छावणीत असताना पोलीस ठाण्यात आलेल्या आईबापांना ‘दूतावासाला मेल करा’ म्हणून वाटेला लावू नये. दलाल इथला, पैसे इथे घेतले, मग गुन्हाही इथेच नोंदवायला हवा. गृह विभागाने एवढं तरी जाहीर करावं : परतलेल्यांपैकी महाराष्ट्रातले किती, त्यांना पाठवणाऱ्या किती दलालांवर गुन्हे नोंदले, आणि त्यातल्या किती गुन्ह्यांत कलम १४३ लावलं?

आपली एक वाचक,
सांगली