कपाट वाढले, की धोका वाढला?

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलात, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. मूर्ती एका जागी नसतात. काही पडवीत, काही मागच्या शेडमध्ये, काही शेजारच्या भाड्याच्या खोलीत. गिऱ्हाईक 'आमची दीड फुटी मूर्ती' एवढेच म्हणते. ती कोठे आहे हे मालकाच्या वहीत असते. शेड गळू लागली की मूर्ती हलवायच्या आणि वहीतली नोंद बदलायची. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

मोठ्या संगणक केंद्रांत माहितीची साठवण अशीच होते. अनेक डिस्का एकत्र बसवलेल्या कपाटाला डिस्क ॲरे म्हणतात. अशी कपाटे स्वतंत्र जाळ्याने सर्व्हरना जोडली की झाले स्टोरेज एरिया नेटवर्क. मधे एक 'वहीवाला' बसवतात. तो सर्व कपाटांतली जागा एकत्र करून सर्व्हरना हवी तशी वाटून देतो, आणि प्रत्येक सर्व्हरला वाटते की आपल्याजवळ एकच मोठी डिस्क आहे. हे साठवणीचे आभासीकरण. जागा संपली की नवे कपाट जोडावे आणि काम न थांबवता माहिती हळूहळू तिकडे सरकवावी. सोय मोठी आहे, यात वाद नाही.

माझा वाद आहे 'जोडले की झाले' या वृत्तीशी. एका संस्थेत (नाव सांगण्यात अर्थ नाही) सर्वांत कमी किमतीचे कपाट घेऊन जुन्या कपाटांच्या साठ्यात मिसळले. काही महिन्यांनी ते बंद पडले, आणि प्रवेशाच्या ऐन दिवसांत विद्यार्थ्यांचे गुण दोन दिवस दिसेनात. जुनी कपाटे ठणठणीत होती!

असे का झाले? समजा, एक कपाट वर्षभर न बिघडण्याची शक्यता ०.९९ आहे. माहितीचे तुकडे चार कपाटांवर पसरले आणि दुसरी प्रत नसली, तर चारही टिकली पाहिजेत. ही शक्यता ०.९९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.९६. धोका एक टक्क्यावरून जवळजवळ चार टक्क्यांवर गेला. पेणकडच्या खारबंदिस्तीचे असेच असते. बांध मैलभर मजबूत असला, तरी एका जागी खांड पडली की खारे पाणी सगळ्या शेतांत.

कपाटाच्या आत एखादी डिस्क बिघडली, तर त्यावर तोड आहे. १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी ती पद्धतशीर मांडली. तीन डिस्कांवर १, ०, १ असे अंक आहेत. चौथीवर असा अंक ठेवा की एकांची संख्या सम व्हावी, म्हणजे ०. आता कोणतीही एक डिस्क झाकून पाहा, तिचा अंक उरलेल्या तिघींवरून काढता येतो. पण खऱ्या डिस्कवर असे अंक अब्जावधी असतात. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने पुन्हा भरायची म्हटले, तर ८०,००० सेकंद लागतात, सुमारे २२ तास. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर? म्हणून आज एकीऐवजी दोन डिस्कांइतकी जागा अशा राखीव अंकांसाठी ठेवतात. स्वस्त निविदेत नेमकी हीच जागा कापलेली असते, आणि खरेदी समिती पाहते ती टेराबाइटमागची किंमत.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतल्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे, हे एकदा विचारून पाहा. त्याच खोलीत असेल, तर ती नसल्यातच जमा. आणि वहीवाल्याच्या वहीची प्रत? ती हरवली, तर मूर्ती सगळ्या शाबूत, पण कोणती कोणाची ते कोण सांगणार!

पेणची प्रत रोह्याला ठेवली तर बरे, पण दोन्ही गावे एकाच पावसात भिजतात. २०२१ च्या जुलैत याच जिल्ह्यातले महाड पाण्याखाली गेले होते. मी तर प्रत घाटापलीकडे, पुण्याला ठेवीन. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा शंभर किलोमीटरला लागतो अर्धा मिलिसेकंद.