एकशे अठ्ठावीसवर थांबलेला आकडा

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा मोसम सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. "काका, दोन्ही बोर्ड जोडले, कोड तपासला, तरी पलीकडे काहीच पोचत नाही. चिप गेली असेल का?" बहुतेक वेळा ही चिप म्हणजे निळ्या छोट्या बोर्डावर बसणारी एमसीपी२५१५. मित्रमैत्रिणींनो, नवी मागवण्याआधी तिलाच विचारून पाहा. ती सगळं लिहून ठेवत असते.

ही चिप मायक्रोकंट्रोलर आणि कॅन बस यांच्यामधली दुभाषी. कॅन बस बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. गाडीतलं इंजिन, ब्रेक, मीटर अशी सगळी मंडळी दोन तारांच्या एकाच जोडीवर बोलतात. आपल्या पीथमपूरला तयार होणाऱ्या ट्रकमध्येही हीच जोडी असते.

या बोलण्याची एक रीत आहे. आजी गोष्ट सांगताना आपल्याला 'हूं' म्हणायला लावते ना, तसंच इथे. निरोपाच्या शेवटी एका बिटाची जागा मोकळी सोडलेली असते. पाठवणारा तिथे गप्प बसतो, आणि ज्याने निरोप नीट ऐकला तो तेवढ्या जागेत हुंकार भरतो. हुंकार आला नाही, तर पाठवणाऱ्या चिपच्या टीईसी नावाच्या रजिस्टरमध्ये ८ वाढतात. निरोप नीट पोचला, तर फक्त १ कमी होतो. ऐकण्यातल्या चुकांसाठी आरईसी हे वेगळं रजिस्टर असतं. हिशेब कडक वाटेल, पण मला तो पटतो. बिघडलेल्या एका सेन्सरने ब्रेकचा रस्ता अडवून कसं चालेल? म्हणून ९६ ला इशारा, १२८ ला आवाज खाली, आणि टीईसी २५५ च्या वर गेला की चिप स्वतःच बसवरून बाजूला होते. याला बस-ऑफ म्हणतात.

आता तुमच्या टेबलावरचा प्रकार. बोर्ड निरोप पाठवतो, हुंकार नाही. परत पाठवतो, परत नाही. सोळा आठे एकशे अठ्ठावीस, म्हणजे सोळा प्रयत्नांत, पापणी लवायच्या आत, टीईसी १२८ वर जातो. आणि तिथेच थांबतो! नियमातच तशी सवलत आहे. १२८ च्या पुढे नुसता हुंकार आला नाही म्हणून आकडा वाढवायचा नाही, कारण बसवर एकटं असणं हा त्या चिपचा दोष नव्हे. ती बस-ऑफ होत नाही, बिचारी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. त्याच वेळी ईएफएलजी हे स्थिती सांगणारं रजिस्टर वाचलंत तर ०००१०१०१ दिसेल. उजवीकडून पहिला १ म्हणजे इशारा, दुसरा म्हणजे तो इशारा पाठवण्याच्या बाजूचा, तिसरा म्हणजे १२८ गाठले. हे दिसलं तर चिप धडधाकट आहे, पलीकडे ऐकणारं कोणी नाही. दुसरा बोर्ड रीसेटनंतर कॉन्फिगरेशन मोडमध्येच राहिला असेल, किंवा 'फक्त ऐका' मोडमध्ये असेल. त्या मोडमध्ये हुंकार देत नाहीत.

ऐकणाऱ्या बोर्डाचा आरईसी चढत असेल तर मात्र दोघांच्या वेगाचा मेळ नाही. अशा वेळी क्रिस्टलवरचा आकडा वाचा. निळ्या बोर्डांवर बरेचदा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि कोडमध्ये १६ लिहिलेलं असतं, त्यामुळे खरा वेग निम्माच राहतो. गंमत म्हणजे दोन्ही बोर्डांवर हीच गडबड असेल तर दोघे निम्म्या वेगाने सुखाने बोलतात, आणि घोळ कळतो तो खऱ्या गाडीला जोडल्यावर.

टीईसी चढून चिप बस-ऑफ होत असेल तर तारा पाहा. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. वीज बंद करून दोन्ही तारांमध्ये मल्टिमीटर लावा, साधारण ६० ओहम दिसायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. एक लक्षात ठेवा : बस शांत झाली की ही चिप आपणहून परत येते आणि टीईसी शून्यापासून सुरू होतो. म्हणून आकडे एकदाच वाचून भागत नाही, लूपमध्ये टाकून स्क्रीनवर छापत राहा.

ईएफएलजीच्या डावीकडच्या दोन बिटांचा स्वभाव वेगळा आहे. निरोप उचलायला उशीर झाला, आधीचा जागेवरच असताना नवा आला आणि हरवला, की ते १ होतात. बाकीचे बिट आकडा उतरला की आपोआप उतरतात, हे दोन तुम्ही पुसेपर्यंत तसेच राहतात. सकाळची चूक संध्याकाळी दिसते आणि मुलं रात्रभर चांगला कोड खरवडत बसतात.

पत्ते असे, सगळे हेक्समध्ये : टीईसी १सी, आरईसी १डी, ईएफएलजी २डी. मला लिहाल तेव्हा हे तीन आकडे आधी लिहा, कोड नंतर पाठवा.