बार्सिलोनात जाऊन आपण काय पाहतो? फुटपाथ!

परवा एका शाळासोबत्याकडे चहाला गेलो होतो. डोंबिवली पूर्व, चौथा मजला. नवराबायको दोघं नुकतेच युरोपची क्रूझ करून आलेत. पंचवीस वर्षं नोकरी आणि लोकलचे धक्के यातून वाचवलेले पैसे. त्यांनी खर्च केले याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर कॉमेंटमध्ये लगेच येईल, "पत्रकाराला जळजळ झाली."

जहाज बार्सिलोनाहून सुटणार होतं. त्याआधी दोन दिवस शहर बघायला ठेवले होते. फोटो दाखवता दाखवता मित्र जे बोलला त्यावरून हे लिहितोय. म्हणाला, "अरे, इतिहास जपावा तर त्यांनीच. आपल्याकडे आहे काय? आणि असलं तरी आपल्या लोकांना किंमत आहे का?"

हे वाक्य मी कल्याण-डोंबिवलीत शंभर वेळा ऐकलंय. परदेशातून आलेला प्रत्येक जण बॅग उघडायच्या आधी हेच वाक्य काढतो. या वाक्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत, आणि त्यातून आपलं रोजचं नुकसान होतंय. म्हणून जरा सविस्तर.

आधी "त्यांनी जपलं" याबद्दल.

मित्राने एक फोटो मोठा करून दाखवला. जुन्या गल्लीवरचा दगडी कोरीव पूल, गॉथिक भागातला. "सहाशे वर्षांपूर्वीचा असेल ना?" तो पूल १९२८ साली बांधलाय. आपल्या आजोबांच्या वयाचा. तिथल्या मुख्य कॅथेड्रलचा दर्शनी भागसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. त्या जुन्या भागातलं बरंच काही विसाव्या शतकात दुरुस्त करून, हलवून, नव्याने बांधून 'जुनं' केलेलं आहे. १८५४ मध्ये याच शहराने आपली तटबंदी पाडायला घेतली होती, कारण आत माणसांचा जीव गुदमरत होता. आणि ज्या समुद्रकिनाऱ्यावर मित्राने सेल्फी काढला, तिथे १९९२च्या ऑलिंपिकआधी कारखाने, गोदामं आणि रेल्वेचे रूळ होते. शहराने समुद्राकडे पाठ फिरवली होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने ती पाठ वळवली.

म्हणजे हे रक्तात नसतं. तो निर्णय असतो. कुणीतरी ठरवतं, कुणीतरी पैसे घालतं, आणि लोक मागे लागतात.

आता "आपल्याकडे आहे काय" याबद्दल.

मित्र तिथल्या सागरी संग्रहालयात गेला होता. बंदराजवळ तेराव्या शतकात सुरू झालेली जहाजबांधणीची जुनी गोदी आहे, दगडी कमानींची. तिचंच संग्रहालय केलंय. आत १५७१च्या लेपांतोच्या लढाईतल्या मुख्य गलबताची हुबेहूब प्रतिकृती ठेवलीय. "काय भव्य रे," म्हणाला. असेलच.

मी विचारलं, "दुर्गाडीला शेवटचा कधी गेलास?"

"नवरात्रात. म्हणजे... चार-पाच वर्षं झाली असतील."

चोवीस ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. स्वराज्य समुद्राला भिडलं ते इथे. आरमाराची पहिली जहाजं या खाडीच्या परिसरात बांधली गेली. कामाला पोर्तुगीज कारागीर होते, ते पुढे वसईच्या पोर्तुगीजांनी फूस लावल्यावर पळून गेले. तरी काम थांबलं नाही. आपली माणसं तोवर शिकली होती. ही आपली गोदी. भिवंडीकडून येताना पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालताना उजव्या-डाव्या हाताला जे पाणी दिसतं, ते हेच.

आणखी मागे जा. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची बंदरांची वाटाड्या पुस्तिका आहे. तिच्यात कल्याणचं नाव आहे, 'कल्लिएना'. त्यात असंही लिहिलंय की पूर्वी हे कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं, पण आता सत्ता बदलल्यामुळे इथे ग्रीक जहाज आलंच तर पहारा देऊन भडोचला नेतात. वाचून मला हसू आलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कल्याणला वाहतुकीचे मार्ग बदललेले होतेच! कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी आहेत, कल्याणचा सोनार आहे. ज्या रोमच्या बंदराला मित्राची क्रूझ लागली, त्या रोमच्या साम्राज्यातली जहाजं या किनाऱ्यावर यायची. आपण आज त्यांच्याकडे फोटो काढायला जातो. ते तेव्हा आपल्याकडे माल न्यायला यायचे.

आणि नुसतं कल्याण कशाला? अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे, शिलाहारांचं. बार्सिलोनातल्या त्या पुलापेक्षा साडेआठशे वर्षांनी मोठं. शेजारून वालधुनी वाहते. तिचा वास कसा असतो ते मी लिहीत नाही, तुम्ही जाऊन घ्या. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तिथूनच इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणात जन्मल्या आणि १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या, अठराव्या वर्षी. हे सगळं ठाणे ते अंबरनाथ एका लोकलच्या टप्प्यात.

खाण्याचं म्हणाल तर मित्राने तिथे पावावर टोमॅटो चोळून, वर तेल-मीठ टाकून दिलेला पदार्थ खाल्ला आणि जे बिल सांगितलं, त्यात कल्याणच्या खिडकी वड्यावर अख्खी वाडी जेवली असती. तो म्हणाला, "चव साधीच होती रे, पण बसून खाल्लं ना. समोर चौक होता, झाड होतं, कुणी उठ म्हणत नव्हतं."

इथे मी थांबलो. त्याला विचारलं, "खरं सांग, दोन दिवसांत सगळ्यात जास्त काय आवडलं?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याची बायकोच म्हणाली, "चाललो भावजी. दोन दिवस नुसते चाललो. हातात हात घालून. लग्नानंतर पहिल्यांदा."

मंडळी, खरी गोष्ट ही आहे. चर्च नाही, पूल नाही, गलबत नाही. सलग फुटपाथ. बसायला बाक. स्वच्छ संडास, जो शोधताना बाईमाणसाला रडू येत नाही. मागून हॉर्न नाही. अडीच-तीन लाख रुपये मोजून डोंबिवलीचं जोडपं जे विकत घेऊन आलं ते हे. इतिहास हे निमित्त.

आपल्याकडे जुन्या वस्तू कमी नाहीत, त्यांच्यापर्यंत चालत जायची सोय नाही. कल्याण स्टेशनपासून दुर्गाडी फार तर दोन-अडीच किलोमीटर. साठीच्या माणसाला घेऊन चालत जाऊन दाखवा. रिक्षा, फेरीवाले, खोदलेली गटारं, बाईक, पुन्हा खोदलेली गटारं. पोचेपर्यंत इतिहासावरचं प्रेम घामाबरोबर गळून जातं. त्यात कित्येक वर्षं गावात शिरताना स्वागताला आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर होता. २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणं बंद झालं. त्यासाठी आसपासच्या लोकांनी किती वर्षं धूर खाल्ला, ते बातम्या करताना मी पाहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं राजकारण्यांना सांगा. सांगतोच. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. तेव्हा विचारायचं कुणाला, ही सबब होती. आता निवडून आलेली माणसं बसलीत, ती सबब संपली. उल्हास नदी आणि वसई खाडीचा कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला, १४५ किलोमीटर. जेट्टींच्या बातम्या मीच कितीदा दिल्यात. नौदलाची निवृत्त युद्धनौका दुर्गाडीजवळ आणली, चांगलंच झालं. पण ती बघायला येणाऱ्याने चालायचं कुठून, बसायचं कुठे, जायचं कुठे, हे आधी ठरवायला नको?

पण फक्त त्यांनाच झोडपलं तर हा लेख खोटा होईल. मीही यात आहे. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. दुर्गाडीची बातमी मी कधी दिली? वाद झाला तेव्हा, पुढारी आले तेव्हा, बंदोबस्त लागला तेव्हा. खाडीकाठी चालायला वाट नाही, ही माझ्यासाठी कधी बातमीच नव्हती. आणि तुम्हीही आहात. फुटपाथवर गाडी लावणारे युरोपातून येत नाहीत. तोच माणूस तिथे सिग्नल हिरवा होईपर्यंत रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहतो.

दुसऱ्या बाजूने एक इशारा. "आपलंही व्हेनिस करा" असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. व्हेनिसला २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना जुन्या शहरातल्या मुख्य जलमार्गातून बंदी घालावी लागली, २०२४ पासून ठरावीक दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून शुल्क घेतात. जुन्या बेटावरची वस्ती पन्नास हजारांच्या खाली गेलीय. बार्सिलोनात २०२४च्या जुलैमध्ये वैतागलेल्या रहिवाशांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी परवडेनात, म्हणून पर्यटकांना भाड्याने दिलेल्या जवळपास दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत बंद करायचं शहराने ठरवलंय. पाहुण्यांसाठी घर सजवता सजवता घरचेच बाहेर गेले. मला ते नको. मला पारनाक्यावरच्या आजीला संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जाता यायला हवंय. पाहुणे आले तर चहा पाजू.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीने सुरू केली, महाराष्ट्राने उचलली. त्या दिवशी आणि दिवाळी पहाटेला फडके रोडवर गाडी नसते, माणसं असतात. म्हातारे, पोरं, नटलेल्या मुली, सगळे रस्त्याच्या मधोमध. वर्षातले ते दोन दिवस आपण बार्सिलोनाच असतो, तेही विमानाचं तिकीट न काढता. उरलेल्या ३६३ दिवसांचं काय, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून मागण्या चारच. कल्याण स्टेशन ते दुर्गाडी सलग, अडथळ्याविना फुटपाथ. खाडीकाठी आणि पारनाक्याजवळ बायकांना वापरता येईल असा स्वच्छ संडास. पारनाका, सुभेदारवाडा, वाचनालय, दुर्गाडी असा पाट्या लावलेला पायी मार्ग, मराठीत नीट माहितीसह. आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी फडके रोड गाड्यांना बंद. यातल्या एकाही गोष्टीला उड्डाणपुलाएवढा पैसा लागत नाही. म्हणूनच बहुधा होत नाही.

नगरसेवक-नगरसेविकांनो, तुम्हाला प्रत्येकाला हे पत्राने देणार आहे. पोच घेणार आहे. उत्तर आलं की नाही तेही इथेच लिहीन.

आणि येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला उभा असेन. दुर्गाडीपर्यंत चालत जायचं, कुठे फुटपाथ तुटतो ते टिपायचं, फोटो काढायचे, परत येताना वडा खायचा. मित्र आणि वहिनी येतायत. वहिनींनी विचारलं, "हातात हात घालून चालता येईल का?"

म्हटलं, वहिनी, एकामागे एक चालावं लागेल. सध्या तरी.