भेकराचा आडोसा

सीबीडी बेलापूरच्या पाठीशी असलेला पारसिकचा डोंगर दगडखाणींनी किती पोखरला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. त्या आणि आसपासच्या डोंगरांतील हरणांचा आधार आटत चालला आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानी येत नाही.

भेकर हे एकांडे, लाजाळू हरिण. मादी बहुधा एका वेळी एकच पाडस देते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही चोरटी शिकार होते, हे खरे. पण सारे खापर शिकाऱ्यावर फोडणे सोयीचे आहे, पुरेसे नाही. भेकर जगते ते झुडपांच्या आडोशाने. उन्हाळ्यात माणसाने लावलेला वणवा नेमका तोच आडोसा जाळतो. मोठी झाडे उभी राहतात आणि लांबून रान शाबूत दिसते! शिवाय वसाहती डोंगराला भिडल्या, तशी आपल्याच उकिरड्यांवर पोसलेली कुत्र्यांची टोळकी रानात शिरू लागली.

पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य १९६८ सालचे; विस्तारानंतरही ते जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे. त्यातूनही मुंबई-गोवा महामार्ग जातो. आश्रमातील हरिण मारू नये म्हणून दुष्यंतासारख्या राजाला अडवणारे तपस्वी कालिदासाने रंगवले. महामार्गाच्या आराखड्याला कोण अडवणार? निदान रस्त्याखालून वन्य प्राण्यांसाठी वाटा ठेवाव्यात आणि वणव्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी वनखात्याने जाळरेषा काढाव्यात. या कामात हात देण्यासाठी बेलापूर-खारघरच्या तरुणांनी फेब्रुवारीतील दोन रविवार राखून ठेवावेत.