मक्काई पूल आणि मका

नानपुऱ्यातून रिक्षानं जाताना 'मक्काई पुल' हे नाव मी लहानपणापासून ऐकतेय. गुजरातीत मकाई म्हणजे मका. त्यामुळे इथे पूर्वी कणसांचा बाजार भरत असणार, असं मी खुशाल ठरवून टाकलं होतं! कॉलेजात आल्यावर कळलं, की हा मका नव्हे, मक्का. हजला निघालेले लोक इथून जात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

मुघल काळात सुरतेलाच 'बाब-उल-मक्का' म्हणत, म्हणजे मक्केचं दार. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली हजसाठी इथूनच जहाजात बसली. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, बांधलेल्या मुघल सराईत यात्रेकरू उतरत. आज तिथे महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. कामासाठी तिथे खेटे घालणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

खुद्द मक्केलाही एकच नाव नाही. कुराणात 'मक्का' हे नाव एकदाच येतं, एकदा 'बक्का' येतं. शिवाय 'उम्म-उल-कुरा' म्हणजे वस्त्यांची आई, आणि 'बलद-उल-अमीन' म्हणजे सुरक्षित शहर. एक नाव आलं म्हणून दुसरं पुसलं गेलं नाही. मला हे परकं वाटत नाही. आमच्या घरी रोझरीनंतर मरियामातेची लितानी म्हणतात, तिच्यातही नावांमागून नावं येतात, आणि त्यातलं एक 'स्वर्गाचं दार' असं आहे.

आपल्या मंडळात मात्र सुरतेचा विषय निघाला की गाडी थेट १६६४ वर. मीसुद्धा शाळेत 'सुरत बेसुरत' या विषयावर भाषण ठोकलंय, बक्षीसही घेतलंय. (त्या लुटीत महाराजांनी कपुचिन फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लावला नाही, हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढला होता.) भाषण संपल्यावर माझ्या बाकावरच्या रांदेरच्या मैत्रिणीनं विचारलं, "लुटीआधी इथे काय होतं, ते का नाही सांगितलंस?" मला खरंच काही सांगता आलं नाही.

महाराजांचा पराक्रम कमी करा, असं मी म्हणत नाही. पण जे शहर लुटलं ते इतकं श्रीमंत का होतं, तिथून कोण कुठे जात होतं, हे न सांगता ती गोष्ट पुरी कशी होईल? आपण मराठी माणसं या शहरात राहतो, इथलं खातो, आणि शहराचं एवढं मोठं नाव आपल्या तोंडी नाही.

यंदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सभागृहातल्या भाषणांआधी एक सकाळ किल्ला, सराई आणि मक्काई पूल असं चालत जाऊया. रांदेरची मैत्रीण यायला तयार आहे.