तक्त्यात नसलेला रकाना

सरकारी रुग्णालयात परिचारिका प्रत्येक पाळीत रुग्णाचा ताप, नाडी आणि रक्तदाब तक्त्यावर नोंदविते. रुग्णाची झोप उडाली आहे काय, त्याचे कशातच मन लागत नाही काय, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. आणि ज्याला रकाना नाही ते शासनाच्या लेखी घडतच नाही, हा आमच्या प्रशासनाचा अलिखित नियम आहे.

'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंता, व्यसनाधीनता अशा सामान्य मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे १० टक्के आढळले. त्यांपैकी ८५ टक्के लोक उपचारांबाहेर होते. हे लोक रुग्णालयात येत नाहीत असे नव्हे. ते डोकेदुखी, अंगदुखी, धडधड, थकवा घेऊन येतात. तपासण्या निर्दोष निघतात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात आणि महिन्याभराने तोच माणूस पुन्हा रांगेत दिसतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा खर्च डोळ्यांआड करता येत नाही.

डॉक्टर खाटेपाशी क्षणभर थांबतात, परिचारिका पाळीभर असते. न शिवलेले ताट, बाळाकडे पाठ फिरवून निजलेली बाळंतीण, पहाटे तीनला टक्क जागा असलेला रुग्ण, हे प्रथम तिलाच दिसते. मात्र दिल्लीच्या वॉर्डात परिचारिका केरळची आणि रुग्ण बिहारचा असतो. तो 'घबराहट' म्हणतो, आपण 'जीव घाबरा होतो' म्हणू. हृदयाची तपासणी आधी व्हावी हे खरेच. पण ती निर्दोष निघाल्यावर प्रश्न संपू नये.

पीएचक्यू-२ या चाचणीत दोनच प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला काय, आणि उदास किंवा हताश वाटले काय. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन वा अधिक आली तर पुढील चौकशी. हे निदान नव्हे, चाळणी आहे. जीव देण्याचा विचार बोलून दाखविणाऱ्याला मात्र एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांना कळवावे लागते. तिथे गुणांची वाट पाहायची नसते.

'आणखी एक फॉर्म' हा परिचारिकांचा संताप मला रास्त वाटतो. म्हणून हे दोन प्रश्न आहे त्याच तक्त्यात यावेत आणि त्या बदल्यात एखादी निरुपयोगी नोंदवही बंद व्हावी. शिवाय ओळखलेल्या रुग्णाला पाठवायचे कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून. रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेच्या टेबलावर हा क्रमांक आणि जिल्हा पथकातील जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे. ते लिहिण्यास वेगळ्या अनुदानाची गरज नाही.